वाचकांचे प्रश्न : वचन आणि विश्वास

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे, वेगवेगळ्या गावांहून आणि वेगवेगळ्या वयाच्या वाचकांकडून आलेली असूनही, एकाच विषयाभोवती फिरतात : पवित्र शास्त्र माणसाला तारणदायी विश्वासापर्यंत कसे आणते? पत्रे लांब होती, म्हणून त्यांतील मुद्द्याचा भाग तेवढा छापला आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न न विचारता मनात ठेवणारे लोक आपल्या मंडळ्यांत पुष्कळ असावेत असे मला वाटते.

प्रश्न : प्रभूमध्ये सप्रेम सलाम. मी कोरेगाव तालुक्यातील एका शाळेत शिक्षक आहे. आमचे घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. शब्बाथशाळेत वचनपाठांतराचे बक्षीस मी सहसा दुसऱ्याकडे जाऊ दिले नाही, आणि आजही पहाटे एक अध्याय वाचल्याशिवाय चहा घेत नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे सभा झाल्या, तेव्हा बाहेरगावाहून आलेल्या एका वक्त्यांनी ज्यांना आपल्या तारणाची तारीख सांगता येते त्यांनी हात वर करावा असे सांगितले. माझा हात वर गेला नाही. शास्त्राने विश्वास उत्पन्न होतो असे आपण म्हणतो. मग इतकी वर्षे वाचूनही तो माझ्यात उत्पन्न झाला आहे की नाही, हे मला का सांगता येऊ नये?

उत्तर : सलाम. आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. शास्त्र विश्वास कसा उत्पन्न करते हा एक, आणि तो उत्पन्न झाल्याचे कशावरून ओळखावे हा दुसरा. तारखेच्या प्रश्नाने आपली जी घालमेल झाली ती दुसऱ्या प्रश्नाची आहे, परंतु तिचे निवारण पहिल्याचा नीट विचार केल्यावाचून होणार नाही.

आपल्यासारख्याच एका माणसापासून सुरुवात करू. तीमथ्याच्या घरी आजी लोईस आणि आई युनीके या दोघी विश्वास ठेवणाऱ्या होत्या, आणि पौल त्याला लिहितो की बालपणापासून तुला पवित्र शास्त्राची माहिती आहे. त्यापुढचे वाक्य आपण पाठ केले असेलच, तरी ते एकदा सावकाश वाचावे. ते शास्त्र ‘ख्रिस्त येशूवरील विश्वासाच्या द्वारे’ तारणासाठी ज्ञानी करण्यास समर्थ आहे, असे पौल म्हणतो. म्हणजे शास्त्राचे सामर्थ्य तो मुक्तकंठाने मान्य करतो, पण ते सामर्थ्य कोणत्या वाटेने काम करते हेही त्याच वाक्यात सांगून टाकतो. शास्त्र वाचणाऱ्याला एका व्यक्तीकडे नेते, आणि तारण त्या व्यक्तीजवळ आहे. पृष्ठांच्या वाचनसंख्येत ते साठत जात नाही.

हे ध्यानात न घेतल्यास काय होते, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात दिसते. शास्त्रात पारंगत असलेल्या मंडळींना येशू म्हणतो की, तुम्ही शास्त्रलेख शोधून पाहता, कारण त्यांत सार्वकालिक जीवन मिळेल असे तुम्हांला वाटते. तेच लेख माझ्याविषयी साक्ष देतात, आणि तरीही जीवन मिळावे म्हणून तुम्ही माझ्याकडे येण्यास तयार नाही. ही माणसे शास्त्राविषयी बेफिकीर नव्हती. त्यांच्यापुढे आपली पाठांतराची बक्षिसे फिकी पडावीत इतके त्यांना मुखोद्गत होते. त्यांच्या वाचनाला उणेपणा होता तो इतकाच, की ज्याच्याकडे ते वचन बोट दाखवीत होते त्याच्याकडे त्यांनी पाहिले नाही. (हा इशारा आम्हां पाळकांना आणि सदरे लिहिणाऱ्यांना अधिक लागू आहे, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.)

आता शास्त्र प्रत्यक्षात काय करते ते पाहू. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायातील, पेन्टेकॉस्ट सणाच्या दिवशीचे पेत्राचे भाषण काढून वाचा. त्याचा बराचसा भाग जुन्या करारातील उताऱ्यांचा आहे : योएल संदेष्टा, मग सोळावे स्तोत्र, मग एकशे दहावे. या वचनांवरून पेत्र श्रोत्यांना असे दाखवीत नेतो की, ज्याला तुम्ही वधस्तंभावर खिळून मारले त्यालाच देवाने प्रभू व ख्रिस्त केले आहे. ते ऐकून लोकांच्या अंतःकरणाला टोचणी लागली आणि त्यांनी विचारले, ‘बंधुजनहो, आम्ही काय करावे?’ वचनाने येथे दोन कामे केली आहेत आणि ती दोन्ही आवश्यक आहेत. पहिल्याने माणसाला त्याची खरी अवस्था कळते. नियमशास्त्राच्या द्वारे पापाची जाणीव होते असे रोमकरांस पत्रात म्हटले आहे ते हेच. दुसऱ्याने त्याला एक अभिवचन मिळते : पश्चात्ताप करा, येशू ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घ्या, पापांची क्षमा होईल. पहिले काम झाले आणि दुसरे झाले नाही, तर माणूस निराश होतो किंवा धार्मिक कष्टांत स्वतःला झिजवून घेतो. केवळ दुसरेच ऐकले आणि पहिले कधी झालेच नाही, तर क्षमेची त्याला गरज वाटत नाही आणि शुभवर्तमान ही त्याच्या लेखी एक सुंदर, ओळखीची गोष्ट होऊन बसते. तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना धोका असतो तो बहुधा या दुसऱ्या प्रकारचा.

‘विश्वास वार्तेने व वार्ता ख्रिस्ताच्या वचनाच्या द्वारे होते’ हे वचन आपण विश्वासाच्या संदर्भात सर्रास वापरतो. त्याचा रोख असा आहे की, विश्वास हा मनाने दातओठ खाऊन निर्माण करण्याचा पदार्थ नाही. आधी कोणीतरी काही सांगतो, आणि ते सांगणे खरे मानून त्यावर स्वतःला सोपवणे म्हणजे विश्वास. म्हणून मंडळीच्या जुन्या शिक्षकांनी त्यात तीन गोष्टी पाहिल्या : ख्रिस्ताविषयीचे ज्ञान, ते खरे असल्याची मान्यता, आणि त्याच्यावर टाकलेला भरवसा. पहिल्या दोन असूनही तिसरी नसू शकते. याकोब तर म्हणतो की, देव एकच आहे असे भुतेही मानतात, आणि थरथर कापतात. आपल्या भागातील शेतकऱ्याला हे समजावून द्यावे लागत नाही. कालव्याचे पाणी पाटाला आले आहे हे बांधावर उभे राहून पाहणे निराळे, आणि दारे धरून ते आपल्या उसाला देणे निराळे.

पण अंतःकरणाचे दार माणूस स्वतःच्या बळाने उघडतो का? फिलिप्पै येथे नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या स्त्रियांत जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया होती. पौलाचे बोलणे तेथील सर्वच स्त्रियांच्या कानांवर पडले, पण लूक लिहितो की तिने त्या बोलण्याकडे लक्ष द्यावे म्हणून प्रभूने तिचे अंतःकरण उघडले. याच्या उलट चित्र प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात आहे. रोममध्ये पौल आपल्या बिऱ्हाडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशेच्या नियमशास्त्रातून आणि संदेष्ट्यांतून येशूविषयी लोकांची खातरी करीत होता. वक्ता एक, दिवस एक, शास्त्रलेख तेच, आणि तरीही काहींची खातरी पटली, काहींनी विश्वास ठेवला नाही. वचनाबरोबर पवित्र आत्म्याचे काम नसेल, तर उत्तमातला उत्तम उपदेशही कानापर्यंतच पोहोचतो. कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यात ज्या प्रेस्बिटेरियन मिशनने मंडळ्या उभ्या केल्या, त्या परंपरेचे वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तर, म्हणजे प्रश्नोत्तरांतून विश्वासाची शिकवण देणारे छोटे पुस्तक, 1647 सालचे आहे. त्याच्या एकशेसात प्रश्नांपैकी एकोणनव्वदावा प्रश्न नेमका आपलाच आहे : वचन तारणासाठी परिणामकारक कसे होते? उत्तराचा आशय असा की, देवाचा आत्मा वचनाचे वाचन, आणि विशेषेकरून वचनाची घोषणा, हे पाप्यांची खातरी करण्याचे व त्यांना वळवण्याचे साधन करतो. साधन आणि ते वापरणारा, या दोघांपैकी एकालाही त्या उत्तराने वगळलेले नाही. आपल्याकडे मात्र काही जण आत्म्याच्या नावाखाली शास्त्र मिटून ठेवतात, आणि काही जण शास्त्र असे शिकवतात की जणू ते समजण्यासाठी व्याकरण आणि टीकाग्रंथ तेवढे पुरेत.

आपल्याच महाराष्ट्रातील दोन माणसांच्या बाबतीत हे कसे घडले ते पाहा. नारायण वामन टिळक 1893 च्या सुमारास राजनांदगावला आगगाडीने जात असताना डब्यातील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी संस्कृत काव्याविषयी आस्थेने गप्पा मारल्या आणि उतरताना त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळकांना त्या पुस्तकाची ओढ नव्हती. दिलेला शब्द पाळायचा म्हणून, आपल्या सवयीप्रमाणे पेन्सिलीने खुणा करीत, ते वाचू लागले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनाशी, ते आले आणि तेथेच अडकले. त्या वाक्यांतील प्रेम आणि सत्य त्यांना पुढे जाऊ देईना. येथे एक गोष्ट निसटू नये. त्या वाचनाने ते एका रात्रीत ख्रिस्ती झाले नाहीत. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तोपर्यंतचा काळ वाचनाचा, शंकांचा आणि घरादाराला हादरवून टाकणाऱ्या उलघालीचा होता. आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते पुढेही कृतज्ञतेने सांगत. याच टिळकांनी 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून आपल्या साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताच्या शिष्यांचा बंधुसंघ सुरू केला. साताऱ्यातील आपल्या तरुणांपैकी कितींना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

दुसरे उदाहरण आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचे आहे. पंडिता रमाबाई सिल्चरला असताना घरातील पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक छोटी बंगाली प्रत सापडली. ती तेथे कशी आली हे त्यांनाही ठाऊक नव्हते. पुढे इंग्लंडमध्ये योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांच्यापुढे वाचली गेली, आणि पतित म्हणून टाकलेल्या स्त्रीशी असा बोलणारा ख्रिस्तच हिंदुस्थानातील पददलित स्त्रियांना वर काढू शकेल, अशी त्यांची खातरी झाली. 1883 मध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढे होऊनही, 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात की, ख्रिस्ती धर्म मिळाल्यावर आपण समाधानी होतो, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त आपल्याला मिळालेला नव्हता. हे उमगायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे लागली. एवढी विदुषी, संस्कृत शास्त्रांत मुरलेली, शास्त्रवचनांची इतकी बारकाईने छाननी करणारी! त्या आठ वर्षांत वचन त्यांच्या हातून सुटले नव्हते, आणि शेवटी त्याच वचनाने त्यांना ख्रिस्तापर्यंत नेले.

आता तारीख. पौलाला ती सांगता आली असती. दिमिष्काच्या वाटेवरची ती दुपार तो कसा विसरेल? तीमथ्याला सांगता आली असती असे मला वाटत नाही, आणि पौलाने ती त्याला कधी विचारल्याचेही दिसत नाही. त्याच्या आजीत आणि आईत जो विश्वास होता तोच तुझ्यातही आहे असा माझा भरवसा आहे, इतकेच तो लिहितो. नवा जन्म एका क्षणी होतो हे खरे, परंतु तो क्षण प्रत्येकाला ओळखता आलाच पाहिजे असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. सभेत हात वर करायला लावणाऱ्या वक्त्यांच्या हेतूविषयी मी शंका घेत नाही. त्यांचा प्रश्न मात्र चुकीचा होता असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्याने श्रोत्याची नजर ख्रिस्तावरून काढून स्वतःच्या आठवणीवर नेली.

तेव्हा आपण ‘माझ्यात विश्वास आहे का’ हे आत डोकावून शोधणे काही काळ बाजूला ठेवा. रोजचा अध्याय चालू द्या, परंतु पुढचे काही आठवडे योहानाचे शुभवर्तमान घ्या. येशू हाच ख्रिस्त, देवाचा पुत्र आहे असा वाचणाऱ्याने विश्वास ठेवावा आणि त्याला जीवन मिळावे म्हणून आपण हे लिहिले, असे योहानाने विसाव्या अध्यायाच्या अखेरीस स्वतःच सांगितले आहे. प्रत्येक प्रसंगी विचारा, येथे येशू कोणाशी बोलतो आहे, काय देऊ करतो आहे, आणि ते घेण्यासाठी काय मागतो आहे. सहाव्या अध्यायात ‘जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही’ या शब्दांपाशी आल्यावर पुस्तक खाली ठेवून, पाठांतर म्हणून नव्हे, त्यालाच ते बोलून दाखवा. येशूसमोर एका मुलाच्या बापाने ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ असे रडत म्हटले होते, आणि त्याचा मुलगा बरा झाला. आधी अविश्वास पुरता संपवून ये, असे त्याला कोणी सांगितले नाही.

प्रश्न : मी मिरजेतील एका रुग्णालयात परिचारिका आहे. जत भागातील एक शेतकरी पाय मोडल्यामुळे आमच्या वॉर्डात महिनाभर पडून होते. शेजारच्या रुग्णाने दिलेला खिशात मावेल एवढा नवा करार ते वाचत असत. मार्काचे शुभवर्तमान संपवून त्यांनी मला विचारले, “सिस्टर, ज्याला असं मारून टाकलं त्याला तुम्ही देव कसं म्हणता?” मी गडबडले आणि “वाचत राहा मामा, कळेल,” एवढेच म्हणाले. वचन स्वतःच काम करते ना? की मी समजावून द्यायला हवे होते?

उत्तर : वचन काम करते, आणि ते बहुतेक वेळा कोणाच्या तरी तोंडून करते. यरुशलेमेहून गज्जाकडे जाणाऱ्या ओसाड रस्त्यावर रथात बसून यशया वाचणारा कूशी अधिकारी आठवा. तो मोठ्याने वाचीत होता. म्हणूनच रथाजवळ धावत गेलेल्या फिलिप्पाला ते ऐकू आले. “आपण जे वाचत आहात ते आपल्याला समजते काय?” या प्रश्नाला त्याने उत्तर दिले, “कोणी मार्ग दाखवल्याशिवाय मला कसे समजणार?” आणि त्याने फिलिप्पाला वर आपल्याजवळ बसवून घेतले. वधायला नेलेल्या मेंढराचा तो उतारा होता, आणि त्याची अडचण अगदी नेमकी होती : संदेष्टा हे कोणाविषयी म्हणतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? फिलिप्पाने आपले ठरलेले भाषण काढले नाही. त्याच शास्त्रलेखापासून आरंभ करून त्याने येशूविषयीची सुवार्ता सांगितली.

आपल्या मामांचा प्रश्नही तितकाच नेमका आहे, आणि त्याचे उत्तर त्यांच्या हातातल्या पुस्तकातच आहे. मार्काच्या पंधराव्या अध्यायात येशूने प्राण सोडल्यावर समोर उभा असलेला रोमी शताधिपती म्हणतो, ‘खरोखर हा मनुष्य देवाचा पुत्र होता.’ चमत्कार पाहून कोणी हे म्हटले असते तर नवल नव्हते. पण परक्या धर्माचा, फाशीच्या कामावर नेमलेला एक अंमलदार ते मृत्यू पाहून म्हणतो. मामा ज्या ठिकाणी अडखळले, त्याच ठिकाणी त्या माणसाचे डोळे उघडले. एवढे दाखवून दहाव्या अध्यायातील ‘पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून देण्यास’ हे शब्द शेजारी ठेवले असते, तर पाच मिनिटांत भागले असते. तो का मेला, हे मार्काने आधीच सांगून ठेवले आहे.

एक गोष्ट मात्र आवर्जून लिहितो. रुग्ण आपल्या हातून इंजेक्शन घेतो, बेडपॅन घेतो, वेदनेत आपल्याला हाक मारतो. अशा माणसाला आपल्याला ‘नको’ म्हणणे सोपे नसते. म्हणून त्याने विचारले तरच, आपली पाळी संपल्यावर, आणि त्याला विषय बदलता येईल अशा बेताने बोलावे. मिरजेत डॉ. वानलेस यांच्या रुग्णालयाचा इतिहास 1894 पासूनचा आहे, आणि तेव्हापासून या गावाला हे ठाऊक आहे की उपचार सर्वांना सारखे मिळाले पाहिजेत, श्रोत्यांना झुकते माप नाही. भीतीपोटी किंवा उपकाराच्या ओझ्याखाली दिलेला होकार हा विश्वास नसतो, आणि तो मिळवण्यासाठी वचनाची गरजही लागत नाही.

प्रश्न : मी सांगलीत महाविद्यालयात शिकते. वर्षारंभी आमच्या तरुण संघात वचनाच्या चिठ्ठ्या काढतात. मला यिर्मया 29:11 मिळाले : तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. त्यावर भरवसा ठेवून परीक्षा दिली आणि निकाल वाईट लागला. आता शास्त्र उघडावेसे वाटत नाही. प्राचीन मंडळीचा मोठा शिक्षक ऑगस्टीन याने सहज पुस्तक उघडले आणि त्याचे तारण झाले, असे आम्हांला सांगितले होते.

उत्तर : बेटा, तुला ते वचन दिले ते अर्धेच. त्याच्या आधीचे, दहावे वचन काढून पाहा. बाबेलात सत्तर वर्षे भरल्यावर मी तुम्हांला परत आणीन, असे त्यात आहे. देशोधडीला लागलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेल्या पत्रातील हे शब्द आहेत, आणि त्या पत्राच्या आरंभी तो त्यांना सांगतो की तेथेच घरे बांधा, बागा लावा, लवकर सुटका होईल असे सांगणाऱ्यांचे ऐकू नका. चिठ्ठ्या आणि दिनदर्शिका छापणारे दहावे वचन कधी छापत नाहीत, हे मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. देवाने तुला फसवले नाही. परीक्षेच्या निकालाविषयी त्याने त्या वचनात काही म्हटलेलेच नव्हते. आणि संदर्भातून उपटलेले वचन किती घातक होऊ शकते हे पाहायचे असेल तर मत्तयाचा चौथा अध्याय वाच. तेथे एक्क्याण्णवावे स्तोत्र सैतान म्हणून दाखवतो, आणि येशू त्याला शास्त्रानेच उत्तर देतो.

ऑगस्टीनची गोष्टही तुला अर्धीच सांगितली गेली. 386 साली मिलान येथील बागेत ‘घे, वाच’ असा एका बालकाचा आवाज त्याने ऐकला आणि पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले, हे खरे. परंतु त्यापूर्वी त्याने अंब्रोज या बिशपांचे उपदेश ऐकले होते, त्या उपदेशांतून जुन्या करारावरचे त्याचे आक्षेप एकेक करून गळून पडले होते, पौलाची पत्रे तो वाचीतच होता, आणि त्याची आई मोनिका त्याच्यासाठी अनेक वर्षे रडून प्रार्थना करीत आली होती. जे वचन त्याच्या डोळ्यांपुढे आले तेही बघ : रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील, प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा, हे. त्याला आपल्या भविष्याचा अंदाज मिळाला नाही. ज्या जीवनक्रमाला तो चिकटून होता तो सोडून ख्रिस्ताकडे येण्याची आज्ञा मिळाली.

तू आता यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय पहिल्या वचनापासून वाच. नापास झालेल्या मुलीला त्यात त्या चिठ्ठीपेक्षा पुष्कळ अधिक सापडेल. तेरावे वचन विशेष पाहा, कारण अकरावे वचन तेथपर्यंत पोहोचण्यासाठीच आले आहे.

प्रश्न : आमची आजी, खानापूर तालुक्यातील, नुकतीच प्रभूमध्ये निजली. तिला अक्षरओळख नव्हती. शास्त्राने विश्वास येतो, तर जिने शास्त्र कधी उघडले नाही तिच्या विश्वासाविषयी काय म्हणावे? नातेवाइकांपैकी एकांनी हा प्रश्न मातीच्या वेळीच काढला.

उत्तर : मातीच्या वेळी काढण्याचा हा प्रश्न नव्हता, एवढे त्या नातेवाइकांना माझ्या वतीने सांगावे.

पौलाने विश्वास ऐकण्याशी जोडला आहे. त्याची पत्रे मंडळीत एकाने वाचायची आणि इतरांनी ऐकायची, अशीच लिहिली गेली. मी येईपर्यंत वाचनाकडे लक्ष ठेव, असे तो तीमथ्याला सांगतो तेही मंडळीपुढील जाहीर वाचनाविषयी आहे. छापखाने येण्यापूर्वी शास्त्राची स्वतःची प्रत जवळ असणे हे क्वचित कोणाच्या नशिबी असे. मराठीत नवा करार छापून निघाला तोच मुळी 1811 मध्ये, बंगालमधील श्रीरामपूरला, आणि त्यानंतरही आपल्या खेड्यापाड्यांतील पहिल्या पिढ्यांनी शुभवर्तमान बायबल बाईंच्या, म्हणजे घरोघर जाऊन वचन सांगणाऱ्या स्त्रियांच्या, तोंडून, भजनांतून आणि रविवारच्या वाचनातून घेतले. आपल्या आजींनी ऐकले, ज्याच्याविषयी ऐकले त्याच्यावर भरवसा ठेवला, आणि आपण लिहिता त्याप्रमाणे अखेरच्या आजारात त्याचेच नाव घेतले. शास्त्राने त्यांच्यात आपले काम केले नाही असे म्हणायला मला तरी काही आधार दिसत नाही.

यावरून आपल्या मंडळ्यांतील वडिलांना एक विनंती. रविवारच्या उपासनेत वाचन कोणी करायचे हे बऱ्याच ठिकाणी घंटा झाल्यावर ठरते. मग जो समोर दिसेल तो उठतो, चष्मा शोधतो, वंशावळीतील नावांवर अडखळतो आणि कसेबसे संपवून बसतो. मागच्या बाकांवर आपल्या आजींसारख्या कित्येक जणी असतात, आणि त्या आठवड्यात त्यांच्या वाट्याला येणारे शास्त्र तेवढेच असते. वाचणाऱ्याला उतारा शनिवारी कळवावा, आणि त्याने तो घरी दोनदा मोठ्याने वाचून यावे.